हजार कप्प्यांचा माणूस

आपल्या हॉस्टेलवर थर्ड इयरच्या सुमारास दरवर्षी एक साथ येते. डेंग्यूची नव्हे, जीआरईची! मग सीनियरकडून ज्युनियरकडे आलेलं, कव्हर निघालेलं, सेलोटेपने बांधलेलं ते जाडजूड बॅरन्सचं पुस्तक या रूममधून त्या रूममध्ये फिरायला लागतं. त्या पुस्तकाची कडा एकदा नीट बघा. 'ए' आणि 'बी'ची पानं बोटं लागून लागून काळी पडलेली, मार्जिनमध्ये पेन्सिलीने अर्थ लिहिलेले. 'सी'च्या मध्यापासून पुढे पानं एकदम गोरीपान. म्हणूनच आपल्याकडे कुणालाही 'अबेट', 'अबरंट', 'अबेयन्स' विचारा, झोपेतून उठून सांगेल. 'व्ही'मधला एखादा शब्द विचारा... शांतता.

लोक म्हणतात, पोरं आळशी आहेत. मला वाटतं अर्धा दोष यादीचा आहे. साडेतीन हजार शब्द अक्षरांप्रमाणे लावलेले. शेजारी शेजारी कोण बसलंय, तर ज्यांची स्पेलिंगं सारखी ते. त्यांचा एकमेकांशी अर्थाचा काडीचा संबंध नाही. रोल नंबरप्रमाणे प्रॅक्टिकलची बॅच पाडतात ना, तसं. वर्षभर एकाच टेबलावर उभं राहूनही काही जणांशी आपली ओळख होत नाही, ती याचमुळे.

शब्द अक्षरांप्रमाणे न लावता अर्थाप्रमाणे लावावेत, हा उद्योग ज्या माणसाने जन्मभर केला त्याची ही गोष्ट आहे. त्याचं नाव पीटर मार्क रॉजे. लायब्ररीत त्याचा थिसॉरस आहे आणि हॉस्टेलवर त्याला सगळे 'रॉजेट' म्हणतात. शेवटचा टी मुका आहे, कारण घराणं मूळचं फ्रेंच बोलणारं, जिनिव्हाचं. पण त्याच्यावर लिहावंसं वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. हा माणूस इंग्रजीचा प्रोफेसर नव्हता. तो डॉक्टर होता आणि अर्धाअधिक इंजिनियर होता.

रॉजेचा जन्म लंडनमध्ये 18 जानेवारी 1779 रोजी झाला. वडील ज्याँ रॉजे हे धर्मोपदेशक, लंडनमधल्या फ्रेंच बोलणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांच्या चर्चमध्ये काम करायचे. आई कॅथरिन ही रोमिली घराण्यातली. पीटर चार वर्षांचा असताना, 1783 साली, वडील क्षयाने गेले. त्यानंतर आईने एका जागी फार काळ बिऱ्हाड केलं नाही. आज इथे, उद्या तिथे. शाळा बदलायच्या, घरं बदलायची, मित्र जोडले की सुटायचे. आईचा स्वभाव काळजीचा, मुलावर सतत लक्ष. पुढे म्हातारपणी तिचं मानसिक संतुलनच गेलं. घरात बापाच्या जागी होता तो मामा, सर सॅम्युअल रोमिली. मोठा वकील, पुढे पार्लमेंटचा सभासद. क्षुल्लक चोरीलाही फाशी देणारे त्या काळचे इंग्लंडमधले कायदे बदलावेत म्हणून त्याने वर्षानुवर्षं झगडा केला. या मामाने भाच्याला शिकवलं, पैसा दिला, ओळखी करून दिल्या. मामा-भाच्याचं नातं आपल्याकडे असतं तसंच होतं.

आठ वर्षांच्या पीटरची एक वही अजून टिकून आहे. तिच्यात लॅटिन शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ लिहिलेले आहेत, आणि ते अक्षरांप्रमाणे नाहीत, विषयांप्रमाणे आहेत. ज्या पोराला घराचा पत्ता कायम नाही, बाप नाही, आई घाबरलेली, ते पोर वहीत मात्र सगळं जागच्या जागी ठेवतंय. मी मानसशास्त्राचा विद्यार्थी नाही (आमच्या सिलॅबसमध्ये तो इलेक्टिव्ह पण नाही), पण यातून जे दिसतं ते सांगायला फार शिकावं लागत नाही.

चौदाव्या वर्षी, 1793 साली, तो एडिंबरा विद्यापीठात दाखल झाला. आई आणि बहीण अ‍ॅनेट सामान घेऊन बरोबर! आपल्याकडे आई-वडील ॲडमिशनला येतात आणि गादी, बादली घेऊन देऊन परत जातात. इथे आई राहायलाच आली. एकोणिसाव्या वर्षी, 1798 साली, पोरगा एम. डी. झाला. त्या काळीसुद्धा इतक्या लहान डॉक्टरकडे पेशंट कोण येणार? म्हणून पुढची काही वर्षं तो मिळेल ते करत राहिला.

त्यातलं एक काम भारी होतं. ब्रिस्टलमध्ये डॉ. थॉमस बेडोज यांनी वेगवेगळे वायू हुंगवून रोग बरे करायची संस्था काढली होती. तिथे हंफ्री डेव्ही, म्हणजे आपल्या खाणीतल्या सेफ्टी लॅम्पवाला डेव्ही, नायट्रस ऑक्साइडवर प्रयोग करत होता. कवी, लेखक, पाहुणे सगळे येऊन तो 'लाफिंग गॅस' ओढायचे आणि आनंदाने नाचायचे. रॉजेनेही ओढला. त्याला हसू आलंच नाही! गरगरलं, विचारांवरचा ताबा सुटतोय असं वाटलं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही. हा अनुभव डेव्हीने 1800 साली आपल्या पुस्तकात छापला. ज्याला डोक्यातला पसारा सहन होत नाही त्या माणसाला ती नशा कशी आवडणार?

नंतर तो काही दिवस जेरेमी बेंथॅमकडे राहिला. अन्न टिकवायचं शीतगृह बांधायची बेंथॅमची कल्पना होती. ते काही उभं राहिलं नाही. पुढे चला.

1802 साली त्याला नोकरी लागली ती मँचेस्टरच्या एका श्रीमंत कापड गिरणीवाल्याच्या दोन मुलांचा शिक्षक म्हणून. त्यांना युरोप दाखवून आणायचं. इंग्लंड आणि फ्रान्सचा नुकताच तह झाला होता. तिघं पॅरिसला गेले, मग जिनिव्हाला, म्हणजे रॉजेच्या वडिलांच्या गावाला. जिनिव्हा 1798पासून फ्रान्सने गिळलं होतं. मे 1803मध्ये तह मोडला आणि नेपोलियनचा हुकूम सुटला: फ्रान्सच्या हद्दीतल्या 18 ते 60 वयाच्या सगळ्या इंग्रज पुरुषांना अटकेत ठेवा. रॉजे तेव्हा 24 वर्षांचा. बरोबर दुसऱ्याची दोन मुलं.

इथे त्याला वडिलांनी वाचवलं असं म्हणायला हरकत नाही. वडील जिनिव्हाचे, म्हणून मुलगा जिनिव्हाचा नागरिक, आणि जिनिव्हा फ्रान्समध्ये, म्हणून मुलगा इंग्रज नाहीच! त्याने धावपळ करून वडिलांच्या जन्माचे कागद मिळवले, अधिकाऱ्यांना पटवलं, आणि मुलांना घेऊन आडवाटेने, लहान लहान गावांतून, ऱ्हाईन नदी ओलांडून जर्मन मुलखात निसटला. त्याच वेळी तिकडे असलेला त्याचा मित्र लव्हेल एजवर्थ मात्र सापडला. तो सुटला 1814 साली. अकरा वर्षं! एका कागदाने केवढा फरक पडतो बघा. आपण कोणत्या रकान्यात बसतो यावर माणसाचं आयुष्य ठरतं, हे रॉजेने चोविसाव्या वर्षी जवळून पाहिलं.

परत आल्यावर 1804 साली त्याला मँचेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरची जागा मिळाली. मँचेस्टर म्हणजे तेव्हा गिरण्यांचं गाव. धूर, काजळी, दाटीवाटीच्या खोल्या, तापाच्या साथी. दिवसभर हे बघायचं आणि संध्याकाळी लेक्चरची तयारी करायची, पेपर लिहायचे. लिहिताना त्याची एक अडचण व्हायची, जी तुमची-माझीही होते. मनात काय म्हणायचंय ते पक्कं असतं, शब्द जिभेच्या टोकावर असतो, आणि येत नाही. डिक्शनरी इथे काही कामाची नाही. डिक्शनरीत शब्द दिला की अर्थ मिळतो. रॉजेला उलटं हवं होतं: अर्थ दिला की शब्द मिळाला पाहिजे.

म्हणून 1805 साली त्याने स्वतःपुरती एक वही केली. वय 26. सुमारे 15,000 शब्द, अर्थाच्या गटांप्रमाणे लावलेले. आणि समोरासमोर विरुद्ध अर्थाचे गट. ही वही त्याने छापली नाही, कुणाला दाखवायचा विचारही केला नाही. टेबलावर ठेवली आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं स्वतः वापरली. आता विचार करा, आपल्यापैकी कुणाची एखादी वही सेमिस्टर संपल्यावर तरी टिकते का? रद्दीवाला हॉस्टेलच्या गेटवर उभाच असतो.

1808 साली रॉजे लंडनला आला आणि आता गोष्ट आपल्या ब्रँचकडे वळते.

तुमच्यापैकी किती जणांनी स्लाइड रूल पाहिलाय? जुन्या प्राध्यापकांच्या कपाटात एखादा असतो, विचारून बघा, ते खूश होतात. कॅल्क्युलेटर येण्याआधी पूल, धरणं, विमानं सगळं त्या सरकपट्टीवर मोजलं गेलं. साधा स्लाइड रूल लॉगवर चालतो. दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्यांच्या लॉगची बेरीज, म्हणून पट्टी सरकवली की गुणाकार. पण घात काढायचा असेल तर? समजा 2चा 10वा घात. त्याचा लॉग म्हणजे 10 गुणिले लॉग 2. परत गुणाकार आला. रॉजे म्हणाला, मग लॉगचाच लॉग घ्या! की परत बेरीज झाली, आणि घात आणि मूळ दोन्ही पट्टी सरकवून मिळायला लागले. हीच लॉग-लॉग स्केल. 3चा 2.7वा घात असलं काही काढायचं तरी तीच एक हालचाल. ही कल्पना त्याने 1814 साली रॉयल सोसायटीपुढे मांडली आणि 1815 साली तो तिचा फेलो झाला. गंमत म्हणजे त्या वेळी असले घात कुणाला फारसे लागतच नव्हते. उष्मागतिकी आणि वीज यांची गणितं वाढल्यावर, जवळजवळ शंभर वर्षांनी, ही स्केल इंजिनियरांच्या खिशात आली. मेकॅनिकलवाल्यांनी ॲडियाबॅटिकची समीकरणं आठवावीत, म्हणजे घात 1.4 कुठून येतो ते कळेल.

अशी बरीच कामं आहेत. 1824च्या डिसेंबरात त्याने एक पेपर वाचला: उभ्या फटींमधून जाणाऱ्या गाडीचं चाक बघितलं तर आरे वाकडे का दिसतात? डोळ्यावर प्रतिमा क्षणभर टिकते, म्हणून. पुढे सिनेमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी यावरून त्याला थेट सिनेमाचा आजोबा करून टाकलं. ते जरा जास्तच झालं, पण पेपर सुंदर आहे, भूमिती स्वच्छ आहे. 1827 साली लंडनच्या पाणीपुरवठ्याची चौकशी करायला सरकारने तिघांना नेमलं. एक टॉमस टेलफर्ड (सिव्हिलवाल्यांनी उभं राहावं!), एक रसायनशास्त्रज्ञ ब्रँड आणि तिसरा रॉजे. थेम्समध्ये शहराची गटारं सोडायची आणि तेच पाणी प्यायचं, असा कारभार होता. 1840 साली त्याने बुद्धिबळातल्या घोड्याचा प्रवास सोडवला. घोड्याने चौसष्ट घरं एकेकदाच फिरायची. कॉम्प्युटरवाले हा प्रोग्रॅम बॅकट्रॅकिंग शिकताना लिहितात. रॉजेने काय केलं? पटाचे चार भाग केले, प्रत्येक भागातल्या घरांचे चार गट केले, त्यांना अक्षरं दिली, आणि गट संपवत संपवत घोडा फिरवला. बघा, इथेही वर्गीकरण! याशिवाय विश्वकोशातले लेख, वीज आणि चुंबकत्वावरची स्वस्त पुस्तकं, 1834 साली प्राणी आणि वनस्पतींच्या शरीरशास्त्रावरचा दोन खंडांचा ग्रंथ, आणि 1827 ते 1848 अशी एकवीस वर्षं रॉयल सोसायटीची सेक्रेटरीशिप.

हे वाचून वाटेल की काय नशीबवान माणूस! पण मधली काही वर्षं मी मुद्दाम वगळली, ती आता सांगतो.

1818च्या ऑक्टोबर महिन्यात मामी आजारी पडली. भाचा डॉक्टर म्हणून बोलावला गेला. 29 ऑक्टोबरला ती गेली. मामाचं बायकोवर विलक्षण प्रेम, तो खचून गेला, झोप नाही, अन्न नाही. त्याला लंडनच्या घरी आणलं. रॉजे सोबत होता, उपचार करत होता, सगळे डोळ्यात तेल घालून बसले होते. 2 नोव्हेंबरला थोडा वेळ खोलीत एकटा राहिला तेवढ्यात रोमिलीने वस्तऱ्याने गळा कापून घेतला. ज्या माणसाने बापाची जागा घेतली होती, तो आपण जवळ असताना, आपण डॉक्टर असताना गेला. इंग्लंडभर हळहळ झाली. रॉजेवर काय गुजरलं असेल ते मी लिहू शकत नाही, आणि त्यानेही यावर फारसं लिहिलेलं नाही. शब्दांचा एवढा मोठा संग्रह असलेल्या माणसाने!

लग्न त्याने उशिरा केलं, 1824 साली, पंचेचाळिसाव्या वर्षी. बायको मेरी हॉब्सन, लिव्हरपूलची. एक मुलगी, एक मुलगा. घरातली ही नऊ वर्षं सुखाची होती. 1833 साली मेरी कॅन्सरने गेली. दोन्ही मुलं लहान, मुलगा पाचचा. दोन वर्षांनी आईही गेली.

आणि मग म्हातारपणी रॉयल सोसायटीतली भांडणं. एक पदक चुकीच्या माणसाला दिलं गेलं असा आरोप झाला, समितीच्या कामकाजात सेक्रेटरीने नियम पाळले नाहीत असं बोललं गेलं, तरुण शास्त्रज्ञ म्हणाले, ही जुनी खोडं आता हलली पाहिजेत. त्यांचं सगळं चूक होतं असं मला वाटत नाही. एकवीस वर्षं एकच माणूस सेक्रेटरी, हे आपल्या जिमखान्यातही कुणी चालवून घेणार नाही. 1848 साली रॉजे पायउतार झाला. वय 69.

अशा वेळी माणसं आरामखुर्चीत बसतात. रॉजेने त्रेचाळीस वर्षांपूर्वीची ती मँचेस्टरची वही उघडली. बाजारात दुसऱ्या कुणाकुणाची समानार्थी शब्दांची पुस्तकं निघत होती, ती त्याला कच्ची वाटली. त्याने पुढची जवळजवळ चार वर्षं रोज बसून वही वाढवली, पुन्हा लावली. मे 1852मध्ये लंडनच्या लाँगमन प्रकाशनाने थिसॉरस छापला तेव्हा लेखक 73 वर्षांचा होता.

पुस्तकाची रचना सांगण्यासारखी आहे, कारण ती कुठल्याही भाषातज्ज्ञाची नाही, ती प्राणी-वनस्पतींचे वर्ग पाडणाऱ्या शास्त्रज्ञाची आहे. सगळ्या कल्पनांचे सहा वर्ग: अमूर्त संबंध, अवकाश, पदार्थ, बुद्धी, इच्छाशक्ती आणि भावना. वर्गात विभाग, विभागात उपविभाग, असं करत एकूण 1000 कप्पे. पहिला कप्पा अस्तित्वाचा, दुसरा नसण्याचा. हजारावा कप्पा देवळाचा. विरुद्ध कल्पना पानावर शेजारच्या दोन रकान्यांत, म्हणजे एक शोधायला गेलं की दुसरी आपोआप दिसते.

'थिसॉरस' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ खजिना. आणि आपला 'कोश'? तोही खजिनाच, राजकोश म्हणतो तो. ही जुळणी वाचून मला फार आनंद झाला होता. पण खरी गोष्ट पुढेच आहे. रॉजेने प्रस्तावनेत, आपल्या आधी असं काम कुणी केलं होतं याचा शोध घेतलाय आणि सगळ्यांत जुना म्हणून नाव दिलंय अमरकोशाचं! कोलब्रुकने त्याचं इंग्रजी भाषांतर 1808 साली सेरामपूरला छापलं होतं, ते त्याने पाहिलेलं होतं. अमरसिंहाने संस्कृत शब्द अर्थाच्या वर्गांप्रमाणे श्लोकांत बांधले. स्वर्ग, देव, दिशा, काळ, मग पृथ्वी, नगर, झाडं, प्राणी, माणसं. आपल्या पणजोबांच्या पिढीतली शाळेत न गेलेली मुलंही पाठशाळेत हे घडाघडा म्हणायची. रॉजे मात्र या वर्गीकरणावर पूर्ण खूश नाही. अमूर्त कल्पनांची तिथे खिचडी झालीय असं तो नोंदवतो. पण निसर्गातल्या वस्तूंचे वर्ग पाडण्याचा एवढ्या जुन्या काळातला प्रयत्न त्याला कौतुकाचा वाटतो. एक्स्टर्नल एक्झामिनरने दिले असते तेवढेच मार्क त्याने दिले. आपल्या शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला राज्यव्यवहारकोशही असाच विषयवार वर्गांत लावलेला आहे, पण तो रॉजेच्या यादीत नाही.

आता जीआरईवाल्यांच्या कामाचा भाग. रॉजेने थिसॉरसमध्ये शब्दांचे अर्थ दिलेले नाहीत. विसरला नाही, मुद्दाम दिले नाहीत. त्याचं गृहीतक असं की वाचकाला शब्द ओळखता येतो, फक्त ऐन वेळी आठवत नाही. म्हणजे थिसॉरस हे आठवण करून देणारं पुस्तक आहे, शिकवणारं नव्हे. आणि आपण नेमका उलटा वापर करतो. रिपोर्टमध्ये 'बिग' चारदा आला की कॉम्प्युटरवर राइट क्लिक, समानार्थी शब्दांतला सगळ्यांत लांब शब्द उचलायचा आणि चिकटवायचा. सर ते वाचून हसतात ते उगाच नाही.

एक उदाहरण घेऊ. कमी बोलणाऱ्याचा गट: 'टॅसिटर्न', 'रेटिसंट', 'लॅकॉनिक', 'टर्स'. आमच्या विंगमध्ये हे चारही 'कमी बोलणारा' या एका अर्थाने पाठ केले जातात. पण मराठीत बघा ना. अबोल, मितभाषी, घुमा, मुखदुर्बळ. हे चार एकच आहेत का? 'घुमा' म्हटलं की राग येईल, 'मितभाषी' म्हटलं तर सत्कारात चालेल. इंग्रजीतही तसंच. 'टॅसिटर्न' हा स्वभाव. माणूस मुळातच बोलत नाही. 'रेटिसंट'ला बोलता येतं, पण मनातलं सांगायला तो तयार नसतो. 'लॅकॉनिक' बोलतो, पण मोजकं. 'टर्स' तर माणसापेक्षा त्याच्या वाक्याला जास्त शोभतं, आणि त्यात थोडा तुसडेपणाही येऊ शकतो. समोरच्या रकान्यात 'लोक्वेशियस', 'गॅर्युलस', 'व्हर्बोज'. पहिला बोलका, दुसरा नको तितकं आणि नको त्या गोष्टींबद्दल बोलणारा, आणि तिसरा बहुतेक वेळा लिखाणातला पाल्हाळ.

2011 साली जीआरईतून अँटोनिम आणि ॲनॅलॉजीचे प्रश्न गेले, आणि सहा पर्यायांतून दोन असे शब्द निवडायचे की दोन्हींनी वाक्याचा अर्थ एकच होईल, असा प्रश्न आला. हा तर चक्क रॉजेचा प्रश्न! गट माहीत हवा आणि गटातला फरकही माहीत हवा. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मला इंग्रजी सोपं जाईल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात माझा मराठी मीडियमचा रूममेट या प्रश्नांत पुढे आहे. तो प्रत्येक शब्दाला आधी मराठीतला जोडीदार शोधतो, 'घुमा की अबोल?' असं स्वतःलाच विचारतो, आणि मग लिहितो. त्याची वही अक्षरांप्रमाणे नाही. राग, कंजूषपणा, खुशामत, हट्ट असे त्याचे कप्पे आहेत. अजून चाळीसेक झालेत. रॉजेचं नाव त्याने तोपर्यंत ऐकलंही नव्हतं.

पुस्तकाचं पुढे काय झालं? विद्वानांना त्याच्या तात्त्विक वर्गीकरणाचं कौतुक, आणि लोकांना? लोकांनी ते वर्गीकरण फारसं वाचलंच नाही. शेवटी जी अक्षरांप्रमाणे लावलेली सूची होती, तिच्यातून कप्प्याचा नंबर शोधायचा आणि थेट तिथे जायचं. म्हणजे ज्या अक्षरक्रमाला टाळायला एवढा खटाटोप केला, तोच मागच्या दाराने आत आला! रॉजेला हे चाललं. तो हट्टी नव्हता. अमेरिकेत 1854 साली बार्नस सिअर्स नावाच्या गृहस्थाने आवृत्ती काढली आणि त्यातले बाजारी, बोलीतले शब्द असभ्य म्हणून कापून टाकले. ओरड झाल्यावर ते पुढच्या आवृत्तीत शेवटी परिशिष्टात घालावे लागले. मुलांनी मग आधी परिशिष्टच वाचलं असणार, यात मला शंका नाही.

रॉजे शेवटपर्यंत शब्द घालत राहिला. मार्जिनमध्ये, चिठ्ठ्यांवर, सुधारलेल्या प्रतींत. 12 सप्टेंबर 1869 रोजी वेस्ट मॅल्व्हर्न या डोंगरातल्या गावी, उन्हाळ्याच्या मुक्कामात, नव्वदाव्या वर्षी तो गेला. तोपर्यंत पुस्तकाच्या 28 आवृत्त्या झाल्या होत्या. पाच वर्षांचा असताना आई गमावलेला त्याचा मुलगा, जॉन लुईस, व्यवसायाने वकील. त्याने वडिलांच्या मार्जिनमधल्या नोंदी गोळा केल्या, सूची प्रचंड वाढवली आणि 1879 साली नवी आवृत्ती काढली. 1920च्या दशकात शब्दकोड्यांचं वेड आलं आणि खप पुन्हा वाढला. मुलानंतर काम नातवाकडे आलं. नातवाचं नाव सॅम्युअल रोमिली रॉजे. पणजीच्या भावाचं, त्या मामाचं नाव घरात असं परत आलं होतं. हा नातू इलेक्ट्रिकल इंजिनियर होता. आजोबांचा थिसॉरस सांभाळता सांभाळता त्याने 1924 साली स्वतःचाही एक कोश काढला, विजेच्या शास्त्रातल्या शब्दांचा. तो मात्र अक्षरांप्रमाणे लावलेला होता. 1950च्या सुमारास नातवानंतर घरात पुढे बघणारं कुणी नव्हतं, तेव्हा हक्क लाँगमनने विकत घेतले.

आपल्या लायब्ररीतली प्रत रेफरन्स सेक्शनमध्ये आहे, घरी नेता येत नाही. संध्याकाळी साडेसातपर्यंत बसून बघता येते.